काकूंचे चौदा कोट

"हात अप."

काकूंच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिला हुकूम हा. ये नाही, बस नाही, कशाला आलीस नाही. ओठांत दोन टाचण्या, गळ्यात टेप, आणि हात अप. तुम्ही बँकेतल्या मोठ्या साहेबीणबाई असा नाहीतर कालच विमानातून उतरलेली नवी नवरी असा, हात वर करून उभं राहायचं. टाचण्या ओठांत असताना ही बाई बोलायची, हसायची, एकदा तर माझ्यासमोर सणसणीत शिंकली. टाचण्या जागच्या जागी होत्या. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते.

लंडनमधल्या वेम्बलीला ईलिंग रोडवर एका साडीच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. खिडकीत हाताने लिहिलेली पाटी: ब्लाऊज, फॉल-पिको, ऑल्टरेशन. मी पहिल्यांदा तो जिना चढले ती तणतणतच. नागपूरहून शिवून आणलेले सहा ब्लाऊज सहा महिन्यांत अंगात शिरेनात. माझं तोंड नागपूरचं, म्हणजे आधी उघडतं आणि मग विचार करतं. तिकडच्या शिंप्याचा मी यथेच्छ उद्धार केला. काकूंनी तो सगळा ऐकून घेतला, ब्लाऊज उलटा केला, आतली शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "तू कुठं जाड झालीस गं पोरी? कापड आटलंय."

आता पॉलिस्टरचं कापड आटतं का हो? आटतंय कपाळ! पण त्या दिवशी मी घरी गेले ती तरंगत. पुढे ध्यानात आलं, की काकू हे सगळ्यांनाच सांगतात. ईलिंग रोडवरच्या निम्म्या बायकांचं कापड आटलेलं होतं आणि त्यामुळे त्या मजेत होत्या.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी लंडनच्या सिटी भागात एका विमा कंपनीत नोकरीला होते. ज्युबिली लाइनच्या गाडीने जायचं, ज्युबिली लाइनने यायचं, आणि चार अनोळखी माणसांच्या घरातल्या एका खोलीत ब्रेड भाजून खायचा. काकूंकडे ब्लाऊजच्या निमित्ताने गेले आणि मग निमित्ताची गरज उरली नाही. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मी त्यांच्याकडेच असायची. त्या शिवायच्या, मी बडबडायची, आणि आठ वाजले की त्या पिठलं टाकायच्या. लंडनमध्ये मला "जेवलीस का" विचारणारं ते एकच माणूस होतं. ह्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

काकू मूळच्या इचलकरंजीच्या. वडील शिंपी. लग्न होऊन इकडे आल्या आणि दुसऱ्या महिन्यापासून एका कपड्यांच्या कारखान्यात लागल्या. तिथे नगावर पैसे. शिवणीच्या आत पाव इंच कापड ठेवायचं, त्याहून दोराभर जास्त झालं तरी सुपरवायझर ओरडणार. शिंपीकामात ह्या आतल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. ती असली तर कपडा पुढे उसवून सैल करता येतो. काकूंचे वडील प्रत्येक कपड्यात दोन बोटं ठेवायचे. "पाव इंचावर माणूस शिवायला लावत होते बघ," काकू म्हणायच्या. "अठरा वर्षं केलं. स्वतःची खोली घेतली त्या दिवशी ठरवलं, माझ्या हातनं एक कपडा दोन बोटांशिवाय बाहेर जाणार न्हाई." आणि खरंच जात नसे. रुमाल सोडून सगळ्यात दोन बोटं.

तर अशा ह्या काकूंच्या आयुष्यात एका शनिवारी दुपारी अमेरिकेची लढाई शिरली.

जिन्यावर धाड धाड आवाज झाला आणि दारात एक गोरा अवाढव्य माणूस उभा. हातात लाल लोकरीचा लांब शेपट्यांचा कोट, बगलेपासून कमरेपर्यंत फाटलेला. एरवी हा गृहस्थ लोकांना ड्रायव्हिंग शिकवायचा. पण शनिवार-रविवार तो कॅप्टन. तीसेक जणांची त्यांची एक मंडळी होती. जुन्या काळाचे गणवेश घालायचे, कुणाच्या तरी शेतात तंबू ठोकायचे आणि दोनशे वर्षांपूर्वीची एक लढाई पुन्हा लढायची. पोरंबाळं बघायला येतात, खोट्या बंदुकांचा धूर होतो, आइस्क्रीमची गाडी असते. आपल्याकडे गणपतीत नाटक बसवतात ना, तोच हा प्रकार, फक्त ह्यांच्या नाटकात सगळेच मरतात.

काकूंनी कोट हातात घेतला, नाकाशी नेला, शिवण पाहिली. मग कॅप्टनकडे मान वर करून म्हणाल्या, "हात अप."

आणि त्या ब्रिटिश लाल कोटवाल्याने निमूट दोन्ही हात वर केले. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

काकूंनी तो कोट असा शिवून दिला, की फाटला कुठे होता ते कॅप्टनलाच सापडेना. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. त्यांचा कोट शिवणारा म्हातारा कामातून निवृत्त झाला होता. मंडळींना चौदा नवे कोट हवे होते, उन्हाळ्याच्या मोठ्या खेळासाठी. आठ इंग्रजांचे लाल, सहा अमेरिकनांचे करडे. दिसतील तेवढ्या शिवणी हाताने घातलेल्या. मॅडम करतील का?

काकूंचं इंग्रजी ब्लाऊजपुरतं भरपूर होतं, पण पलटणी आणि कवायतीपर्यंत पोचत नव्हतं. म्हणून दुभाषी मी. कॅप्टनने बसकण मारली आणि अठराशे बारा सालची ती लढाई सांगायला घेतली. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली, प्रजासत्ताक अजून कोवळं. इंग्रज तिकडे फ्रान्सशी लढण्यात गुंतलेले आणि त्यांना खलाशी कमी पडत होते. म्हणून ते भर समुद्रात अमेरिकन जहाजं अडवायचे आणि त्यावरचे खलाशी ओढून न्यायचे. त्यावरून पेटलं. अडीच वर्षं चाललं. इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून अध्यक्षाचं घर जाळलं, त्याआधी तिथल्या टेबलावर मांडून ठेवलेलं जेवण जेवले.

मी हे मराठीत सांगितलं तशी काकूंची सुई थांबली. "जेवले? त्याच घरात? आणि मग पेटवलं?"

"हो काकू."

"विचार त्याला, ताटं तरी उचलून ठेवली का?"

मी विचारलं. कॅप्टनने गंभीरपणे उत्तर दिलं, की ह्याबद्दल कागदपत्रांत नोंद नाही. काकू त्या दिवसापासून अमेरिकनांच्या बाजूच्या झाल्या.

शेवटी जिंकलं कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा कॅप्टन घोटाळला. अमेरिकन म्हणतात आम्ही, ज्यांच्या जमिनीवर बरंचसं लढले ते कॅनडावाले म्हणतात आम्ही, आणि इंग्लंडात ही लढाई झाली होती हेच कुणाला ठाऊक नाही, शाळेत शिकवतच नाहीत. हे सांगताना त्याचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "दोघं जिंकलो म्हणतायत म्हणजे दोघं दमले. आणि ते पळवलेले खलाशी? त्यांचं काय ठरलं?" तहात त्यांचा विषयच निघाला नाही, असं कॅप्टन म्हणाला. "ज्याच्यावरनं भांडण, तेच ऱ्हायलं व्हय!" काकू म्हणाल्या आणि त्या संध्याकाळी त्यांनी पिठल्यात मीठ दोनदा घातलं.

करड्या कोटांची हकिकत मात्र त्यांची लाडकी. अमेरिकनांचा गणवेश खरा निळा. पण निळं कापड कमी पडलं म्हणून एका पलटणीला साधे करडे आखूड कोट शिवून दिले. समोरून इंग्रज सेनापतीला वाटलं, हे गावठी भरती केलेले कच्चे गडी, दोन गोळ्यांत पळतील. ते पळाले नाहीत. एक पाऊल मागे घेईनात. काकू ज्याला त्याला ही गोष्ट सांगायच्या. फॉल लावायला आलेल्या बायका बिचाऱ्या साडी हातात धरून दोनशे वर्षांपूर्वीची लढाई ऐकायच्या. "कापड संपलं म्हणून शिंप्यानं जे हाताला लागलं ते शिवलं, आणि तिकडं सेनापती फसला. आता बोल! कोण जिंकलं?"

काकूंचा मुलगा लंडनबाहेर, मिल्टन कीन्स गावाला. इथेच जन्मलेला, कॉम्प्युटरमध्ये चांगल्या नोकरीला, मनाने सोनं. त्याची बायकोही तशीच. दोघांनी घराच्या तळमजल्यावर काकूंसाठी खोली तयार करून ठेवली होती. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि त्या हिवाळ्यात त्या जिन्यावरून घसरून चार पायऱ्या खाली आल्या होत्या. माझ्यासमोरच एका रविवारी तो काकुळतीला आला. "आई, तुझा नजर गेला आहे. एक दिवस तुझं काम परत येईल. लोक परत आणून देतील. तेव्हा तुला खूप वाईट वाटेल. त्याआधी चल ना घरी."

त्याने प्रेमानेच म्हटलं हो. पण काकूंना ते कुठे लागायचं तिथे लागलं. टाचण्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या.

"हे चौदा कोट करते. त्यातला एक जरी परत आला, तर मशीन उचल आणि मला घेऊन चल, मी तोंडातनं शब्द काढणार न्हाई. न्हाई आला, तर मी हितंच. पुन्हा विषय नको."

"प्रॉमिस?"

"ही साक्षीला हाय," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

झालं. मी साक्षीदार. आणि पक्षपाती साक्षीदार, कारण मला काकू तिथेच हव्या होत्या. त्यांच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. त्या गेल्या तर मला घर नव्हतं.

फेब्रुवारीपासून मी रोज कामावरून सरळ त्यांच्याकडे जायची आणि वीस सुयांमध्ये दोरा ओवून उशीला टोचून ठेवायची, दुसऱ्या दिवसाची बेगमी. ओवायला नजर लागते, शिवायला बोटं लागतात, असं काकू म्हणायच्या. आणि बोटं काय होती! डोळे खिडकीबाहेर, गप्पा माझ्याशी, आणि खाली टाके एकसारखे पडतायत. मे महिन्याच्या शेवटी दोरीवर चौदा कोट टांगलेले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ब्लाऊज घ्यायला आलेली बाई पलटणीतून वाट काढत यायची.

मग आला तपासनीस.

ह्या मंडळींत असा एक जण असतो, जो सगळ्यांचे कपडे तपासतो. हा म्हणजे लायब्ररीतून निवृत्त झालेला एक सडपातळ गृहस्थ, बोलायला अतिशय मऊ. खिशात भिंग. त्याने बटणं पाहिली, काजं पाहिली, टाके मोजले आणि काकूंसमोर चक्क मान झुकवली. असं हातकाम मी वीस वर्षांत पाहिलं नाही, म्हणाला. मी मनात पेढे वाटले. मग त्याने एका कोटाचं अस्तर खालून उचललं, हात आत घातला आणि थबकला. दुसरा कोट. तिसरा. चौदाच्या चौदा.

प्रत्येक शिवणीत दोन बोटं.

त्याचं म्हणणं असं: त्या काळी लोकरी कापड महाग. पलटणीचे कोट ठोकभावाने शिवले जायचे, इंचभर कापड वाया घालवणाऱ्या शिंप्याला ठेकेदाराने दारात उभं केलं नसतं. हे आतलं कापड काढून टाका, तीन आठवडे आहेत, नाहीतर कोट मैदानात उतरणार नाहीत. नियम म्हणजे नियम. आणि खरं सांगू का, त्याच्या जागी त्याचं बरोबरच होतं. त्याला घेऊन आलेला कॅप्टन बिचारा छताकडे बघत होता.

"कात्री लावणार न्हाई," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, आतलं कापड आहे, दिसणार कुणाला? कापा आणि मोकळ्या व्हा!"

"माणूस हाय तो. वाढणार. पुढल्या वर्षी बटण लागलं न्हाई तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं त्यानं? पोटावर कोट ताणून लोकांच्या पुढं उभं ऱ्हायचं? मी असलं शिवत न्हाई. अठरा वर्षं शिवलं, बास झालं."

"अहो, पण कोट परत आले असं होईल! मग मिल्टन कीन्स!"

"त्या भिंगवाल्याला पत्र लिही. नीट समजावून सांग. शहाणा माणूस हाय, ऐकंल."

मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं मला ईमेल आलं. अतिशय सभ्य, आणि नकार. मी ते काकूंना दाखवलं नाही.

त्याच आठवड्यात काकूंना एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. मुलगा येऊन घेऊन गेला, आठ दिवस त्याच्याकडे राहायचं होतं. झाडांना पाणी घालायला खोलीची किल्ली माझ्याकडे.

गुरुवारी मी ऑफिसला फोन करून आजारी आहे म्हणून सांगितलं. सकाळी दहा वाजता काकूंची मोठी कात्री घेतली आणि बसले. ते लोकरी कापड घट्ट असतं, कडेला दोरे सुटत नाहीत, त्यामुळे नुसतं कापत जायचं. अस्तर उचलायचं, शिवणीला लागून कात्री चालवायची. बगला, पाठ, बाह्या. दुपारी तीनपर्यंत चौदा कोट झाले. अंगठ्याला फोड आला. पट्ट्यांची एक काळी पिशवी भरली, ती मी मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या वेळी मला काय वाटत होतं विचाराल, तर अभिमान. काकूंना वाचवलं मी! कॅप्टनला फोन करून कोट नेऊ दिले. शनिवारी सगळे पास.

काकू डोळ्यावर जाळीची झडप लावून परत आल्या तेव्हा मी जिन्यातच ओरडले, "पास झाले! त्याने मान्य केलं, दोन बोटं चालतील म्हणाला!"

"बघ, मी म्हटलं न्हवतं? शहाणा माणूस हाय!" आणि त्यांनी खालच्या दुकानदारापासून समोरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे दिले. मुलाला माझ्यासमोर फोन केला. तो हिरमुसला असणार, पण म्हणाला, "ओके आई. शब्द म्हणजे शब्द." मी दोन पेढे खाल्ले. तिसराही खाल्ला.

जुलैत मोठा खेळ. कॅप्टनने आम्हाला व्हॅनने नेलं. काकू नऊवारीवर टोपीचं अनोरॅक जाकीट घालून, घडीच्या खुर्चीत, थर्मास मांडीवर घेऊन, पहिल्या रांगेत. नव्या डोळ्याने त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. "तो बघ तिसरा, त्याची कॉलर मी दोनदा उसवली. तो बघ लंबू." करडे कोटवाले सरळ चालत आले, लाल कोटवाल्यांनी बार काढले, धूरच धूर. कॅप्टन आपल्या नव्या लाल कोटात, इंग्रजांच्या बाजूने, छाती धरून जो काही पडला! गिरकी घेऊन, आम्ही बसलो होतो तिथून दहा पावलांवर, दोरीच्या आत.

"अगं बाई, मातीत लोळतोय! डाग न्हाई जायचा त्याचा!" म्हणत काकू उठल्या. मी धरीपर्यंत त्या दोरीखालून आत. लढाई चालू, बंदुका वाजतायत, आणि ही बाई कॅप्टनच्या शेजारी गुडघे टेकून त्याच्या कोटाचा घोळ झाडतेय. झाडता झाडता त्यांचा हात आत गेला. बोटं शिवणीवरून फिरली. पुन्हा फिरली.

मग त्या उठल्या आणि पलीकडच्या प्रेताकडे गेल्या. तो अमेरिकन होता. अस्तर उचललं, हात घातला. मग तिसऱ्याकडे. मेलेले सैनिक एक डोळा उघडून पुटपुटत होते, "ऑल राइट, लव्ह?" प्रेक्षक हसत होते, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, त्यांना वाटलं हा खेळातलाच भाग. काकू पाच प्रेतं तपासून सरळ उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली वाकून त्यांचा पडलेला थर्मास उचलला. बाप्पा रे बाप्पा!

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. चहा संपवला. व्हॅनमध्ये कॅप्टन खुशीत गाडी चालवत होता, त्याला मराठी कळत नव्हतं, म्हणून तिथेच बोलणं झालं.

"तू कापलंस."

"हो."

"किती वेळ लागला?"

"पाच तास."

"कुठली कात्री?"

"तुमची मोठी."

"धार गेली आसंल," म्हणाल्या. मोटरवेवर ट्रॅफिक होता. "माझ्यासाठी केलंस, मला कळतंय. पण पास झाली ती तुझी कात्री. माझे कोट परत आले होते."

मी रडायलाच लागले. "काकू, कुणाला कळणार आहे? तुमच्या मुलाला कुठे कळतंय?"

"मला कळलंय की," त्या म्हणाल्या. समोरून कॅप्टनने विचारलं, सगळं ठीक आहे ना? काकूंनी इंग्रजीत सांगितलं, "व्हेरी गुड फायटिंग." घरी पोचल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला.

पुढची चार वर्षं त्या मिल्टन कीन्सला होत्या, आणि सुखात होत्या, हे मुद्दाम सांगते. सून त्यांचं सगळं करायची. मी जायची तेव्हा त्या मला खाऊ-पिऊ घालायच्या, पोचवायला बस स्टॉपपर्यंत यायच्या. मी दर वेळी माफी मागायला तोंड उघडायची आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "चहा घे आधी." शिवायचं त्यांनी बंद केलं होतं. मशीन खोलीत होतं, त्यावर कुंडी ठेवलेली. चौथ्या वर्षीच्या थंडीत त्या गेल्या. माफी मागायची राहूनच गेली.

पण मला आठवतो तो वेम्बलीतून जायचा दिवस. रविवार होता. मशीन जुनं, पायाचं, लोखंडी, आणि जिना तसला. कॅप्टन म्हणाला, आम्ही उचलतो. मंडळी कुठल्याशा खेळावरून परस्पर आली, तशीच, गणवेशात. सहा लाल आणि चार करडे. ईलिंग रोडवर भाजी घेणारी माणसं पिशव्या खाली ठेवून बघत राहिली. लाल कोटवाले वरून, करडे कोटवाले खालून, मधे मशीन, "टू यू, टू यू, स्टेडी," करत इंचाइंचाने ते ध्यान जिन्यातून उतरलं. काकू मागून ओरडत होत्या, "चाक सांभाळ! पट्टा सांभाळ!" काकू जातायत त्या डोळ्यांमुळे, जिन्यामुळे, वयामुळे, असं मी त्या दहाही जणांना सांगितलं होतं. व्हॅनमध्ये बसण्याआधी काकूंनी एकेकाची कॉलर सरळ केली. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर."

व्हॅन वळली. कोटवाले गेले. मी खोली झाडायला म्हणून वर चालले होते, तर मागून जिन्यात पावलं वाजली. विशी-बाविशीची एक मुलगी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ब्लाऊज, दम लागलेला.

"शिवणाऱ्या काकू इथेच असतात ना?"

"असायच्या. आजच गेल्या. मुलाकडे."

"अय्या! का हो? तब्येत बरी नाही का?"

डोळे म्हणता आलं असतं. जिना म्हणता आलं असतं, जिना तर समोरच होता. सकाळपासून दहा वेळा म्हटलं होतं.

"नाही," मी म्हटलं, "माझ्यामुळे गेल्या," आणि तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागले. तिला बिचारीला काय करावं कळेना. ती पिशवी मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसली.